माजघर मोठं दिसू नये म्हणून

श्रावणात बाई माझ्याकडे आल्या तेव्हा पिशवीत नवी लेन्स होती, दहा-अठरा मिलिमीटरची, आणि लॅपटॉपमध्ये दीडशेच्या आसपास फोटो. बाई म्हणजे आठवीत मला भूमिती शिकवणाऱ्या बाई. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. शनिवार-रविवारी मी घरी चार-पाच जणांना फोटोग्राफी शिकवतो हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मी अजून त्यांना "बाई"च म्हणतो आणि त्या मला "अरे". त्यामुळे पुढचे तीन महिने शिकवणं एकाच बाजूने झालं नाही, आणि या प्रकरणात जे काही साधलं त्याचं मोठं कारण तेच आहे.

बाईंचा वाडा नारायण पेठेत, नदीकडच्या अंगाला. तो पुनर्विकासाला गेला होता. दिवाळी झाली की जागा मोकळी करून द्यायची. त्याआधी घराचा कोपरान् कोपरा फोटोत यावा एवढीच त्यांची इच्छा होती. कॅमेऱ्यासोबत आलेली अठरा-पंचावन्न लेन्स माजघरात पुरत नव्हती. माजघर चौदा फूट लांब आणि जेमतेम आठ फूट रुंद. लांब भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलं तरी समोरची भिंत दोन्हीकडून कापली जायची. दुकानात सांगितलं, वाइड घ्या, म्हणजे कमी मिलिमीटरची, जास्त रुंद दृश्य घेणारी. सल्ला बरोबर होता. त्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आत चित्र उमटतं तो भाग, २२.३ मिलिमीटर रुंद. त्यावर १८ मिलिमीटरला आडवा कोन साधारण ६४ अंश मिळतो आणि १० मिलिमीटरला ९६. सव्वादोन मीटरवरून बघितलं तर पहिल्यात भिंतीचा पावणेतीन मीटरचा तुकडा येतो, दुसऱ्यात पाच मीटरचा. चौदा फूट म्हणजे सव्वाचार मीटर. भिंत मावली.

मावली, पण फोटो घरच्यांना दाखवल्यावर धाकट्या भावाने विचारलं, "अगं ताई, आपलं माजघर एवढं मोठं कधी होतं?"

या एका प्रश्नामुळे बाई माझ्याकडे आल्या. मी फोटो बघितले तेव्हा त्यांचं म्हणणं लगेच कळलं. विकायला काढलेल्या फ्लॅटच्या जाहिरातीत असतात तसे ते फोटो होते. लांबच लांब फरशी, पलीकडच्या टोकाला बोटभर कपाट, वर उंच गेलेलं छत. ज्या माजघरात दाटीवाटीने दोन पंगती करूनच घरची माणसं जेवत, तिथे फोटोत चाळीस पानं सहज मांडता आली असती.

बाई म्हणाल्या, "हे आमचं घर नाही. मला ते अरुंद दिसायला हवं आहे. ते अरुंदच होतं."

वाइड लेन्स शिकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना जागा मोठी दिसायला हवी असते. उलटी मागणी माझ्याकडे पहिल्यांदाच आली.

दीडशे फोटो आम्ही नुसते कुठे उभं राहून काढलेत यावरून लावले. नव्वदेक फोटो कोपऱ्यातून काढलेले निघाले, दोन भिंतींच्या सांध्यात पाठ घुसवून आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरून. त्यात बाईंची चूक म्हणावी असं काही नाही. आधीच्या लेन्सने मागे सरकायची सवय लावली होती. हातात नवी लेन्स आली तरी पाय जुन्याच हिशेबाने चालत होते. आणि "जास्तीत जास्त दिसावं" ही इच्छा माणसाला कोपऱ्यातच नेते.

कोपऱ्यातून नेमकं काय होतं ते मी त्यांच्याच पद्धतीने, फळ्यावर त्रिकोण काढून मांडलं. कॅमेऱ्यापासून एक मीटरवरची फरशी आणि साडेचार मीटरवरची फरशी मुळात सारख्या मापाची. फोटोत पहिली दुसरीच्या साडेचारपट रुंद येते. हे प्रमाण लेन्स ठरवत नाही, उभं राहायची जागा ठरवते. त्याच जागेवरून पंचावन्नला काढलं तरी जवळच्या-लांबच्या मापांचं गुणोत्तर तेच राहील, फक्त जवळची फरशी चौकटीबाहेर जाईल. वाइड लेन्स ती पायाजवळची फरशी आत घेते, आणि ती मोठी फरशी शेजारी असल्यामुळे पलीकडचं कपाट आणखी लांब वाटतं.

बाईंनी खडू हातातून घेतला. "म्हणजे हे समरूप त्रिकोणच झाले. मग फोटो बघणाऱ्याचा डोळा कुठे असायला हवा, ते का नाही धरलंस?"

हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. दोन मिनिटांत त्यांनी गणित मांडलं. १० मिलिमीटरला काढलेल्या फोटोचा ३० सेंटिमीटर रुंद प्रिंट केला, तर ज्या कोनातून कॅमेऱ्याने पाहिलं त्याच कोनातून आपण पाहायला डोळा कागदापासून साडेतेरा सेंटिमीटरवर हवा. माझ्याकडे त्याच मापाचा एक प्रिंट होता. बाईंनी चष्मा बदलला, एक डोळा मिटला आणि कागद वीतभराच्याही आत नाकाशी आणला. मग गप्प झाल्या. मीही करून बघितलं. खरोखर, फरशी आखडली, कपाट जवळ आलं, खोली आठ फुटांची झाली. फोटो खोटं बोलत नव्हता. पण असं नाकाशी धरून फोटो कोण बघणार? आपण हातभर लांबून बघतो, मोबाइलवर तर त्याहूनही बारीक करून, आणि त्या अंतराच्या हिशेबाने डोळा खोलीची लांबी वाढवून वाचतो.

इथून काम स्पष्ट झालं. बघणारा लांबूनच बघणार हे धरून चालायचं, आणि चौकटीची मांडणी अशी करायची की अरुंदपणा तरीही पोहोचेल.

यानंतर मी एक चूक केली आणि तिच्यात तीन आठवडे गेले. वाइड लेन्सच्या प्रत्येक धड्यात असतं तेच सांगितलं: अग्रभागी काहीतरी जवळचं घ्या, मोकळी फरशी सोडू नका. नियम म्हणून तो बरोबर आहे. पाच मीटरवर उभा असलेला पावणेदोन मीटरचा माणूस १० मिलिमीटरच्या आडव्या चौकटीत उंचीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी जागा घेतो, दीड मीटरवर आला की पाऊण चौकट भरतो. जवळ काही नसेल तर या लेन्सचा फोटो रिकामाच वाटतो. बाईंनी नियम मनापासून पाळला. पुढच्या रविवारच्या प्रत्येक फोटोत पुढे एक समई होती. नाहीतर घंगाळ. नाहीतर पानाचा डबा. फोटो दिसायला आधीपेक्षा चांगले होते, आणि मीही कौतुक केलं. भाऊ मात्र पुन्हा म्हणाला, "ही समई देवघराबाहेर कधी आली?"

ते ऐकून मला लाज वाटली. जे घर पाडलं जाणार आहे त्याची नोंद करताना वस्तू हलवून शोभा आणणं म्हणजे नोंदच बिघडवणं. मी नियम मागे घेतला आणि दुसरा दिला: जवळ काहीतरी हवंच, पण ते तिथलंच हवं, आणि एका हातात कॅमेरा धरून दुसरा हात पुढे केला तर त्याला लागेल इतकं जवळ हवं. हलवायचं काही नाही, हलायचं आपण.

याने बाईंची नजर बदलली. घरात हाताला काय लागतं याची यादी त्यांनी करून आणली आणि ती वाचताना मला त्या वाड्यात राहिल्यासारखं वाटलं. उंबरा, मध्ये झिजून खोलगट झालेला. दाराची चौकट, तिच्यावर भावंडांच्या उंचीच्या चाकूने पाडलेल्या खुणा. कोनाडा, त्यात वर चढलेली काजळी. खुंटी. जिन्याचा दोर. जमिनीत रुतवलेलं उखळ. बळदाचं झाकण. यातली एकही वस्तू उचलून दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून प्रत्येक वस्तू फोटोग्राफरला आपल्यापाशी यायला लावते. उंबऱ्याचा फोटो घ्यायचा तर उंबऱ्याशीच बसावं लागतं, आणि तिथून माजघर कसं दिसेल ते उंबरा ठरवतो.

मध्येच गणपती आले. वाड्यातला शेवटचा गणपती, त्यामुळे बाहेरगावचेही सगळे आले होते. बाईंनी आरतीचा फोटो काढला, चौदा माणसं, लेन्स दहा मिलिमीटरवर. मधली सगळी छान. दोन टोकांना उभी असलेली वहिनी आणि पुतण्या मात्र चपटे होऊन आडवे पसरलेले. वहिनींनी तो फोटो कुणालाही पाठवायचा नाही म्हणून बजावलं. बाईंना वाटलं, लेन्स खराब आहे.

लेन्स ठीक होती. सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही वाइड लेन्स हे करणारच. चौकटीच्या कडेला जाणारा किरण मधल्या अक्षाशी ४८ अंशांचा कोन करतो, आणि तिथला गोल सेन्सरवर लंबगोल होऊन उमटतो. त्याची लांबी रुंदीच्या दीडपट होते, एक भागिले कोसाइन ४८. हेही बाईंनीच काढलं. पण याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला शिकवण्यात नेहमी सगळ्यात उपयोगी वाटते: सेन्सरला समांतर असलेली सपाट वस्तू कडेला गेली तरी अजिबात पसरत नाही. भिंतीवरचं चौकोनी दार मध्ये असो वा टोकाला, तेवढंच राहतं. पसरतं ते ज्याला गोलाई आणि जाडी आहे ते: डोकं, हंडा, घागर, गोल खांब.

हे डोळ्यांनी पटावं म्हणून एका सकाळी आम्ही विश्रामबागवाड्यात गेलो. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला हा वाडा, दर्शनी भागातले लाकडी सुरूदार खांब प्रसिद्ध. खांबांच्या रांगेला कॅमेरा समांतर धरून दहावर काढलं, तर टोकाचे खांब मधल्यांपेक्षा स्पष्ट जाड आले, खरंतर ते कॅमेऱ्यापासून जास्त लांब होते. तिथून जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वराच्या लेण्यात गेलो. तिथले खांब चौकोनी, दगडात कोरलेले. त्यांचे समोरचे चेहरे टोकापर्यंत एकाच मापाचे आले. दोन फोटो शेजारी ठेवले आणि वेगळं काही सांगावं लागलं नाही. बाहेरच्या गोल नंदीमंडपापाशी बाई बराच वेळ थांबल्या. मंडप मध्यावर ठेवला की गोल, जरा बाजूला सरकवला की लवंडल्यासारखा. परतताना त्या म्हणाल्या, "म्हणजे माणसं मध्ये आणि दारं कडेला. घरातसुद्धा तसंच असतं की."

माणसं मध्ये घेतानाही अंतराचं भान लागतं. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत साधारण बारा सेंटिमीटर धरा. चाळीस सेंटिमीटरवरून चेहरा काढला तर नाक कानाच्या मानाने तीस टक्के मोठं येतं, एक मीटरवरून बाराच टक्के. भावाचा देवघराच्या दारातला फोटो म्हणून मीटरभरावरून घेतला. दाराची चौकट दोन्ही बाजूंना, तो मध्ये, वाकून आत शिरताना. दार पाच फुटांचं आहे हे त्या वाकण्यातून कळतं.

आता मुख्य गोष्ट, माजघराचा फोटो. तो पाच वेळा काढावा लागला.

पहिल्यांदा आम्ही कोपरा सोडला. माजघराच्या आखूड भिंतीतल्या दारात, उंबऱ्याबाहेर ट्रायपॉड लावला आणि कॅमेरा पलीकडच्या आखूड भिंतीला बरोबर समांतर केला. कोपऱ्यातून दोन भिंती दोन दिशांना पळतात आणि खोली फाकते. समोरासमोर उभं राहिलं की दोन्ही बाजूच्या भिंती आत येतात, एकाच बिंदूकडे. आठ फुटांची रुंदी डोळ्यांवर येते. पण दहावर अजूनही फरशी फार होती. मग चौदावर आणलं, बाजूच्या भिंतींचे जवळचे तुकडे तरीही चौकटीत राहिले आणि पलीकडची भिंत बरीच पुढे आली. लेन्स दहापर्यंत जाते म्हणून दहावरच ठेवायची नसते. हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, मीसुद्धा.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला उंचीवर काम केलं. बाई उभ्या राहून काढत होत्या. मी सहज विचारलं, "माजघरात तुम्ही उभ्या कधी असायचात?" त्या हसल्या. जेवण, निवडणं, अभ्यास, रात्रीच्या गप्पा, सगळं खाली बसून. त्यांनी पाट आणला, त्यावर बसल्या आणि डोळे जमिनीपासून किती वर आहेत ते भावाला टेपने मोजायला लावलं. पंचाहत्तर सेंटिमीटर. कॅमेरा तिथे आणला. फरशी एकदम आटली, पट्टीसारखी झाली. वरच्या तुळया आणि कडीपाट डोक्यावर आले. खोली माणसावर झुकली.

इतक्या खाली आल्यावर उंबरा लेन्सच्या बराच जवळ आला. उंबराही स्पष्ट हवा आणि पलीकडचं कपाटही. ही काळजी या लेन्सला फारशी पडत नाही: १४ मिलिमीटरला एफ-११ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, साधारण मीटरभरावर फोकस धरलं की अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. उजेड कमी होता, एक्स्पोजर दोन सेकंदांचं. ट्रायपॉड होता, आणि माजघरात पळणारं कुणी नव्हतं.

चौथी अडचण मला आधी कळलीच नाही. कॅमेरा लेव्हलवर काटेकोर सरळ, तरी डावा खांब तिरका. कॅमेरा वर किंवा खाली झुकला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, हे वाइड लेन्सचं नेहमीचं दुखणं. मी पुन्हा पुन्हा लेव्हल तपासत राहिलो. शेवटी बाईंनी माळ्यावरून वडिलांचा ओळंबा काढला आणि तुळईला बांधून सोडला. दोरी सरळ लोंबली. खांब तिच्यापासून खाली दोन बोटं सरकलेला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा वाड्यात पाणी शिरलं होतं, मागची भिंत गेली, आणि तेव्हापासून तो खांब तसाच उभा आहे. बाई तेव्हा दीड वर्षाच्या होत्या, आईने त्यांना कडेवर घेऊन जिना गाठला ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर ऐकलेली. संगणकावर एका क्लिकमध्ये तो खांब सरळ करता आला असता. मी त्यांना तसं सुचवलंही होतं, आदल्याच आठवड्यात, खांबाचं कारण माहीत नसताना. बाईंनी ओळंबा तिथेच लोंबता ठेवला आणि त्याच्यासकट फोटो काढला. वस्तू हलवायची नाही या आमच्या नियमाला हा एक अपवाद झाला, आणि मला तो पूर्ण मान्य आहे. दोरी आहे म्हणून बघणाऱ्याला कळतं की कॅमेरा सरळ होता.

पाचव्यांदा फक्त वेळ बदलली. सकाळी दहाच्या सुमाराला चौकातला उजेड उंबऱ्यावरून आत येतो आणि उंबऱ्यातला खड्डा दिसतो.

बाकीच्या फोटोंबद्दल थोडक्यात. जिन्याचा फोटो तिसऱ्या पायरीवर बसून, उभ्या चौकटीत, दोर लेन्सपासून वीतभरावर धरून. तो पहिल्याच दिवशी जमला. चौकात आम्ही जमिनीवर आडवे झालो आणि कॅमेरा थेट आकाशाकडे केला. अर्धवट वर केलेला कॅमेरा भिंती पाडतो. पूर्ण नव्वद अंशांत वर केला की चारही बाजूंचे खांब मध्याकडे धावतात, वर पागोळ्यांनी कापलेला आकाशाचा चौकोन येतो. तिथे दहाच लागलं, त्याहून कमी वाइड चाललं नसतं.

स्वयंपाकघर मात्र साधलं नाही. सहा फूट बाय सात, एक खिडकी, तीही थेट समोर. खिडकीला एक्स्पोजर धरलं तर ओटा काळा, ओट्याला धरलं तर खिडकी पांढरीफटक. तीन एक्स्पोजर जोडून बघितले, भांडी प्लास्टिकची वाटायला लागली. मांडणीवरच्या सगळ्या गोल पातेल्यांना कडेला ठेवण्यावाचून जागाच नव्हती. शेवटी बाईंनी जुनी अठरा-पंचावन्न लावली आणि पन्नासच्या आसपास नेऊन तुकडे काढले: चूल होती तिथला काळा डाग, फळीवरचे तीन डबे, खिडकीचे गज. वाइडने ती खोली दाखवता येत नाही हे मान्य करायला आम्हाला दोन रविवार लागले. एकात व्हायला हवं होतं.

शेवटी चोवीस फोटो निवडले आणि छापले. माजघराचा प्रिंट भावाच्या हातात दिला तेव्हा मी तिथे होतो. त्याने तो हातभर लांब धरला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, "इथे माझी पाठ भिंतीला लागायची." मग उंबऱ्याकडे बोट दाखवून कुणाचं पान कुठे असायचं ते सांगत बसला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात सामान गेलं. किल्ल्या द्यायच्या दिवशी बाईंनी मला फोन करून बोलावलं. कपाट, मांडणी, देव, सगळं हललं होतं. भिंतीवर तसबिरींचे फिके चौकोन तेवढे उरले होते. त्या थेट माजघराच्या कोपऱ्यात गेल्या, पाठ दोन भिंतींच्या सांध्यात लावली, उभ्या राहिल्या, लेन्स दहावर आणली आणि एकच फोटो काढला. मी काही बोललो नाही. स्क्रीनवर चौदा बाय आठची ती खोली मोठी आणि रिकामी दिसत होती.

"हा पंचविसावा," बाई म्हणाल्या, आणि कॅमेऱ्याचं झाकण लावलं.